बसला म्हणजे काय

बुधाजीच्या बोलण्यात 'बसला' हा शब्द फार. वरळीच्या एका गाळ्यात तो बावीस वर्षं पुठ्ठ्याचे खोके दाबून बघतोय. रिकामा खोका यंत्रात ठेवायचा, वरून लोखंडी पाट सावकाश खाली आणायचा आणि काटा कुठवर चढतो ते बघायचं. खोका आधी गप्प असतो, मग कण्हतो, मग एका कोपऱ्यातून खाली जातो. ठरलेलं वजन पेलून गेला तर टिकला म्हणायचं. त्याआधीच गेला तर बसला, म्हणजे नापास.

माणसांना मात्र तो हा शब्द लावत नाही. गिरणी बंद पडली तेव्हा त्याचे वडील घरी बसले, ते बीडीडी चाळीतल्या खोलीच्या दारात स्टुलावर वीस वर्षं. तेव्हापासून आल्यागेल्याला बुधाजी 'बसा' म्हणत नाही, 'टेका जरा' म्हणतो. स्वतःचे गुडघे तर कधीचे टेकायला बघतायत, पण अजून दोन वर्षं काढायचीत.

खाली ऑफिसात कागद टाइप करणारा अमित जुना होता, त्याला सगळं कळायचं. तो गेला आणि सोमवारी दादरची स्पृहा आली. मुलगी हुशार, बोलणं कसं पुस्तकासारखं स्वच्छ. बुधाजीनं वरून इंटरकॉमवर सवयीनं सांगितलं, "ताई, लिहून घ्या. औषधाच्या बाटल्यांचा खोका, चारशे दहाला बसला."

तिनं 'पास' लिहिलं, सही केली आणि कागद परळच्या गोडाऊनला पाठवून दिला.

दुपारी बुधाजी चहाला खाली उतरला, तर टेबलावर त्या कागदाची प्रत. त्यानं चष्मा पुसून दोनदा वाचली.

"ताई, हे काय? खोका सहाशेचा हवा होता. मी बसला म्हणालो होतो."

"हो काका, म्हणूनच पास लिहिलं. आमच्याकडे ड्रेस अंगाला बरोबर झाला की बसला म्हणतात. मग..." आणि पोरीचा आवाजच बसला.

तिचं काय चुकलं? कुणाच्या घरी ड्रेस बसतो, कुणाच्या घरी माणूस.

मॅनेजर हेरंबनं दार लावून घेतलं. "बुधाजी, तुम्ही मध्ये पडू नका. कागदावर सही तिची आहे. नवी आहे, जाईल दुसरीकडे. तुम्ही या वयात कुठे जाल?"

बुधाजीला ते पटलंसुद्धा. थकलेल्या माणसाला गप्प राहायला सांगितलं की त्याला ते औषधासारखं लागू पडतं. पण परळच्या गोडाऊनात त्याच खोक्यांत काचेच्या बाटल्या भरून थप्पी लागत होती, आणि थप्पीच्या बाजूला माणसं होती. त्यानं हेरंबच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि गोडाऊन बघणाऱ्या दीपकला लावला.

"दीपक, जयभीम. थप्पी किती झाली?"

"सहा झाली. आठ करतोय काका."

"करू नको. तीनच्या वर सगळं उतरव. आणि बाजूला कोणाला उभं ठेवू नको."

"अहो, कागद पास आहे की."

"कागद चुकला. चूक माझी. बोलण्यात चुकलो."

हेरंबनं कपाळाला हात लावला. "आता बसवतील हां तुम्हाला घरी."

"बघू," बुधाजी म्हणाला. बाबांचं ते स्टूल अजून घरी होतं. बायको, कमलाबाई, त्यावर मिक्सर ठेवते.

तासाभरानं दीपकचा फोन आला. थप्पी उतरवली, तर तळाच्या दोन खोक्यांचे कोपरे आधीच गेले होते. बाटल्या वाचल्या, माणसंही वाचली.

दुसऱ्या दिवशी मालकानं बुधाजीला अर्धा तास उभं करून झापलं. मुलीचं नाव बुधाजीनं एकदाही निघू दिलं नाही. काढून टाकतील असं वाटत होतं, पण त्या जुन्या यंत्राचं कण्हणं ऐकू येणारा दुसरा माणूस आणायचा कुठून? शेवटी मालक म्हणाला, यापुढे पास की नापास एवढंच बोलायचं.

बुधाजी जिना चढून वर गेला. मधल्या पायरीवर थांबावं लागलं. अकराच्या सुमाराला काटा पडला आणि तोंडातून जुनंच गेलं, "ताई, साबणाचा खोका, तीनशेला बसला."

खालून स्पृहानं विचारलं,

"काका, तुमचा बसला की माझा?"

"माझा गं बाई, माझा," बुधाजी म्हणाला, आणि गुडघा चोळत त्यानं पुढचा खोका उचलला.