हळद अजून मातीत होती

"तुमच्या लोकांच्या पोटाला तूप मानवत न्हाई गं," मालकीणबाई म्हणल्या, अन् सगळी पंगत हसली.

मी गोठ्याच्या भिंतीला धरून ओकत होते. पिवळं, हिरवट, कडूजहर. हळदीचा हंगाम उरकला, हळद शिजवायचा शेवटचा कुकर उतरला की मालक मजुरांना जेवण देतात, आमच्या हिंगोलीकडं तशी रीतच हाय. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वरून तूप. दोन महिने हळद काढायची, मोडायची, शिजवायची, वाळू घालायची, अन् एक दिवस पोटभर खायचं. मी अर्धी बट्टी खाल्ली होती. अर्धी.

"कामावर हळद चाटली असंल. बघा की, कसं पिवळंजर्द पडलंय," कोणतरी म्हणलं.

एक बाई माझ्या मायच्या कानाला लागली. "पोरीला कितवा लागला?"

मी एकोणीस वर्षांची होते. लग्न झालं नव्हतं. मायनं सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला. तिची चूक न्हाई. पंगतीत तिचीच मान खाली गेली होती.

हे मला लहानपणापासून. जेवलं की बेंबीच्या वर कोणी ओलं लुगडं पिळल्यागत व्हायचं. तासभर, कधी दोन तास. हिरवी उलटी झाली की थांबायचं. मग पंधरा-पंधरा दिवस काहीच न्हाई. हेच तर वाईट होतं. दवाखान्यात जाईस्तोवर दुखणं पळून जायचं, अन् मी पडायची खोटी. शाळा बुडवायला नाटक करती. खुरपायला नको म्हणून नाटक करती. मायनं लिंबू उतरवलं. बेंबी सरकली म्हणून एका म्हातारीनं पोट रगडलं, तवा तर मी मरता मरता वाचले. बाकी औषध म्हंजे खायचा सोडा. दुखलं की सोडा. मग मी खाणंच कमी केलं. हाडाची काडं झाली.

मालकाची पोरगी माझ्याच वयाची. मी तिला ताई म्हणायची, ती मला नावानं. त्या दिवशी ती ओसरीवर बसून जेवत होती. तीन बट्ट्या चुरल्या, तुपात भिजवल्या, गप्पा मारत मारत खाल्ल्या. मग मोठा ढेकर दिला, अन् मोबाइल बघत लोळली. बास. पोटाची आठवणसुद्धा नव्हती तिला.

खरं सांगते. तिच्या स्कुटीचा मला कधी हेवा वाटला न्हाई. कपड्यांचा न्हाई, कॉलेजचाबी न्हाई. तिच्या त्या ढेकराचा वाटला. असा वाटला की रडू आलं. हे काय सुख हाय, हे तिला कधी कळणारबी न्हाई, याची जास्त आग झाली.

श्रावण लागला. त्याच शेतात हळद खुरपायला होतो आमी. दुपारी पाणी प्यायला मालकाच्या घरी गेले, तर ताई सोफ्यावर आडवी. "आई गं, पोटात दुखतंय." एकदाच म्हणली. एकदाच! मालकीणबाईंच्या हातातलं ताट तिथंच राहिलं. मालकांनी चप्पल घालता घालता गाडी काढली. दोघं तिला घेऊन नांदेडला गेले. मी तांब्या हातात धरून उभी. पाणी प्यायचंबी ध्यान राहिलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी ताई हिंडत होती. मी विचारलं, "काय निघालं ताई?"

"काही नाही गं, गॅस. पण बाबांनी उगाच सगळ्या पोटाचा सीटी स्कॅन करायला लावला. त्या मशीनमध्ये झोपलं ना, की आतलं सगळं दिसतं."

आतलं सगळं दिसतं. तवा असली मशीन हाय तर! बारा-तेरा वर्षं मी बोंबलून राहिले, मला ते कोणी सांगितलं न्हाई. अन् हिला गॅस झाला तर दिसलं. त्या रात्रीला मी जेवले न्हाई, दुखत नव्हतं तरी. नुसती जळत होते. मायला म्हणलं, "मला त्या मशीनीत झोपायचंय." माय म्हणली, "तिची बराबरी करती व्हय? वेड लागलं काय?"

व्हय. बराबरीच करायची होती.

आठच दिवसांत पुन्हा पीळ आला. या वेळी मी दुखणं थांबायची वाट बघितली न्हाई. उलटी एका डब्यात धरली, झाकण लावलं, मायला घेतलं अन् बाजारच्या गावातल्या डॉक्टरकडं गेले. दरवेळी त्याच्याकडंच जायचो. मागं एकदा त्यानं माझं ऐकायच्या आधी लघवी तपासली होती. कशासाठी, ते सांगायला नको.

त्यानं डबा उघडलाबी न्हाई. "हळदीत कामाला जाते ना ही? हळद जाते पोटात. पिवळं पडणारच. गोळ्या देतो."

बाहेर दहा माणसं बसलेली. माय उठली, पदर सावरला, निघायला लागली. मी स्टुलावरून उठले न्हाई. तिथूनच तोंड उघडलं.

"डॉक्टर, हा श्रावण हाय. हळद अजून मातीत हाय. बोटाएवढीबी झाली न्हाई. माझ्या पोटात कुठून आली?"

हळदीच्या मुलखात त्याचा दवाखाना, अन् हळद कधी निघती ते माहीत असून त्याला सुचलं नव्हतं. मी झाकण उघडून डबा त्याच्या टेबलावर ठेवला. "हे बघा. हिरवं हाय. मशीनीत तपासायची चिठ्ठी द्या. तोवर मी हितून उठत न्हाई."

"कटकट आहे," म्हणला, अन् लिहिली चिठ्ठी.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात एक तरणी डॉक्टरीण होती. तिनं पहिलाच सवाल केला, "उलटी हिरवी होते? कधीपासून?"

"कळतंय तवापासून."

"हिरवं म्हणजे पित्त. आतडं कुठंतरी अडतंय," ती म्हणली. तिनं खुर्ची जवळ ओढली. मी मशीनीत झोपले. मग तिनं कागदावर काढून दाखवलं. आईच्या पोटात असताना लेकराची आतडी फिरून आपापल्या जागेवर बसतात. माझी फिरायचीच राहिली. लहान आतडं सगळं उजवीकडं, मोठं डावीकडं. मुळाशी बारीक देठ, त्यावर सगळा भार, म्हणून पीळ पडायचा, अन् नशिबानं सुटायचा. "एकदा सुटला नसता, तर आतडं काळं पडून गेली असतीस," ती म्हणली. "बऱ्याच जणांचं लहानपणीच कळतं. तुझं राहून गेलं."

राहून गेलं न्हाई. राहू दिलं.

ऑपरेशन झालं. पीळ सोडवला, अडवणारे पडदे कापले, आतडी पुन्हा अडकणार न्हाईत अशी मांडून ठेवली. माय खाटेच्या पायाशी बसून रडली, "मी तुला नाटकी म्हणले गं माझे बाई." मी तिचा हात धरला. तिला मी माफ केलं. तिलाच.

घरी आल्यावर मालकीणबाई बघायला आल्या. सफरचंदं आणली. म्हणल्या, "एवढं होतं तर आधी सांगायचं ना गं!"

"सांगितलं होतं," मी म्हणले. "तुमच्या दारात ओकून सांगितलं होतं. तुमी हसलात."

त्या उठून गेल्या. माय म्हणली, "काहून बोललीस? जाऊ दे की, वाचलीस ना."

न्हाई जाऊ देणार. आता मी भाकरी खाते, पचती. तरी हेवा गेला न्हाई. लोक म्हणत्यात, जळणाऱ्याचं कधी भलं होत न्हाई. माझं तर जळण्यानंच झालं. गप समाधानी बसले असते तर आज मातीत असते. त्या पोरीच्या एका हाकेला जेवढं वजन, तेवढंच माझ्या हाकेला पायजे. मिळंस्तोवर मी जळणार, अन् कोणाच्याबी टेबलापुढून उठणार न्हाई. माझी जात, माझं काम, माझं वय बघून माझं दुखणं सांगू नका.

आधी तपासा. मग बोला.