टोळीत वाटलेल्या गोळ्या

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी. झालोय, आणि हे मी छाती काढून सांगतो. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की घरचे मलाच पुढं करतात. त्यामुळं ऊसतोडीहून परतलेल्या थोरल्या भावानं मला गोठ्यामागं बोलावलं, तेव्हा म्हटलं, असेल आईच्या गुडघ्याचं.

"लघवीला आग होतीय. पू येतोय," तो म्हणाला. नजर खाली. मला कोयता धरायला शिकवणारा माणूस माझ्यापुढं खाली बघतोय, हेच आधी सहन होईना.

"कवापासून?"

"कारखान्यावरच. उसाच्या गाडीचा नंबर लागायला लई उशीर. तिथं जवळच एका बाईकडं गेलतो."

"मग दवाखाना?"

"गोळ्या खाल्ल्या की. टोळीतल्या एकाला डॉक्टरनं पट्टी दिलती. आमी चौघांनी वाटून घेतली."

"वाटून? गोळ्या का परसाद हाय, दादा?"

"समद्यांनाच तरास. त्यानं एकट्यानंच खाव्या का?"

टोळीचा रिवाजच तसा. मटण असो, बिडीचं बंडल असो, वाटा सगळ्यांना. आणि एकानं दवाखान्यासाठी खाडा केला की मुकादम सगळ्यांसमोर कारण विचारणार. दादाची आग चार दिवस थांबली, मग पुन्हा सुरू. त्यानं वडवणीच्या बाजारातून सुट्ट्या गोळ्या आणल्या, त्यांनी तर फरकच पडला नाही.

मी त्याला बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच मला जड गेलं. म्हणाल्या, "अर्धवट औषधानं कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. मग त्या गोळीला ते जुमानत नाहीत. आज इंजेक्शन देते. पू तपासायला पाठवते, कोणतं औषध लागू पडतं ते कळेल. तोवर बायकोपासून लांब राहा. आणि त्यांनाही आणा."

मी घाबरलो होतो. जंतू औषधाला दाद देईनासे होतात, यावर परीक्षेत पानभर लिहिलं होतं, मार्कही पडले होते. तेव्हा ते कुणाच्या अंगात असतात असं मनात आलं नव्हतं. हे इंजेक्शनही लागू पडलं नाही तर?

एसटीत भाऊ म्हणाला, "तुझ्या वहिनीला तूच सांग. तू शिकलेला हायस."

"याला शिक्षण लागत न्हाई. तुझं तू सांग."

त्यानं सांगितलं. वहिनी भाकरी थापत होती. मी ओसरीवर होतो. थापण्याचा आवाज थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

"कशाला गेलतात तिथं?" ती शेवटी म्हणाली. तवा खाली उतरवल्याचा आवाज आला. मग तीच म्हणाली, "मलाबी आग व्हती. तुमच्या पिशवीतल्या दोन गोळ्या मी खाल्ल्या. लाज वाटली म्हणून बोलले न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती आमच्यासोबत बीडला आली, पण एसटीत पुढं बायकांत जाऊन बसली. तिलाही तपासून औषध दिलं.

रिपोर्ट येईपर्यंत भाऊ मोरीतून बाहेर आला की मी त्याच्या तोंडाकडं बघायचो. तो नुसती मान हलवायचा. कमी आहे म्हणायचा, पण खात्रीनं नाही. रिपोर्ट आला. वाटून खाल्लेल्या गोळ्या त्या जंतूवर बिनकामाच्या होत्या. इंजेक्शन लागू पडलं होतं. पुन्हा तपासणीला बोलावलं होतं, तरी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

जेवताना म्हटलं, "दादा, बाकीचे तिघं?"

त्यानं हात धुतला आणि उमापूरच्या गड्याला फोन लावला, ज्याची ती पट्टी होती. स्पीकरवर तो हसत होता. "माझी आग कवाच थांबली बे! नवी पट्टी आणलती, त्यातल्या उरलेल्या गोळ्या मेव्हण्याला दिल्या. त्यालाबी तसंच व्हतंय."

भावानं माझ्याकडं बघितलं. मग फोन तोंडाजवळ धरला. "मेव्हण्याला घेऊन उद्या बीडला ये. त्या दोघांनाबी फोन लाव. मी स्टँडवर थांबतो, दवाखान्यात मीच नेतो."

"येडा झाला का? समद्यांना कळंल की."

भावानं स्वयंपाकघराकडं बघितलं. आत वहिनीच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"कळू दे," तो म्हणाला.