आईने लॉनची आवणी केली

मी फोन बाबांच्या तोंडासमोर धरून उभी होते आणि ते स्क्रीनकडे वाकून विचारत होते, "बांध घातलास का गो?"

"घातला. विटा लावल्या कडंला," आई म्हणाली.

"माती कशी हाय?"

"पिठासारकी. पानी टिकत नाय. सकाळी भिजवावी तर दुपारी भेगा."

"मग चिखल झाला कसा?"

"तुडवला."

बाबांनी मान हलवली. रोह्याजवळच्या आमच्या घरात दिवे लागले होते. आईच्या मागे कॅनडातली सकाळ होती, आणि माझा भाऊ नितीन डोक्याला हात लावून पायरीवर बसला होता.

आई आणि नितीन भांडतील, निदान गप्प तरी बसतील, अशी तयारी करून मी पेणहून आले होते. बांधाची चौकशी होईल असं वाटलं नव्हतं…

झालं ते असं. नितीनने तिकडे घर घेतलंय. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि वर्षातले निम्मे महिने थंडी. मागच्या अंगणात त्याने लॉनचं बी टाकलं. थंडीआधी रुजायला हवं म्हणून तो रोज पाणी घालत होता, व्हिडिओ बघत होता. मातीचं तापमान मोजायची एक सळईसुद्धा आणली होती.

पाण्याबरोबर बी वाहत गेलं असावं. कुंपणापाशी गवत दाट आलं, मधे टक्कल राहिलं.

आई उन्हाळ्यापासून त्याच्याकडे आहे. तिने ते दाट गवत पाहिलं आणि तिला त्यात रोप दिसलं. आपल्याकडे भाताचं रोप एका जागी दाट वाढवतात, मग उपटून चिखलात सुटं सुटं लावतात… ती आवणी. आईचा सगळा जन्म त्यात गेला. नितीन ऑफिसला गेल्यावर तिने पाइप सोडला, अंगणाचा चिखल केला, कुंपणाजवळचं गवत मुठी-मुठींनी उपटलं आणि मधल्या टकलावर ओळीने लावून टाकलं.

संध्याकाळी नितीन घरी आला तेव्हा लॉनच्या जागी भाताचं खाचर होतं. तो म्हणाला, तू सगळं मारलंस. ती म्हणाली, माझं तिकीट काढ. मग त्याने मला फोन केला. इथे तेव्हा सकाळ होती, मी पेणला डबा भरत होते. "बाबांना सांग तिची समजूत काढायला. ती जेवली पण नाही."

ऑफिस सुटल्यावर मी रोह्याची एसटी धरली. वाटेत वाटत होतं, बाबा कसली समजूत काढतात… ते म्हणतील, ये. आई तिकडे गेल्यापासून ते एकटेच आहेत. मी फोन केला की पहिला प्रश्न एकच असतो, काय म्हणते ती, कधी येते. माझ्या मनात काय होतं ते मलाच नीट माहीत नाही. तिने यावं असंही वाटत होतं. अशी भांडून येऊ नये असंही.

नितीन पायरीवरून उठला. "बाबा, तो भात नाहीये. लॉन आहे."

"दिसतंय मला. कापून कोनाला घालतोस?"

"कोणाला नाही. पिशवीत भरून ठेवतो. गाडी येऊन नेते."

बाबा स्क्रीनकडे आणखी वाकले. "मग वाढवतोस कशाला?"

"सगळ्यांच्या घराला आहे, बाबा."

याच्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर येत असेल असं त्यांना वाटलं असावं.

मग आई पुन्हा समोर आली. डोळे सुजलेले. "अवो, मी येते. हितं माजं काय काम नाय. हा वरडला मला."

"मी ओरडलो नाही," मागून नितीन.

"वरडला नाय, इंग्रजीत बोलला."

मला हसू आलं. बाबांना नाही आलं. आता ते म्हणणार, ये… मी फोन घट्ट धरला.

"लावलेलं टाकून येशील व्हय?" बाबा म्हणाले.

आईने मागे वळून अंगणाकडे पाहिलं.

"जीव धरू दे त्याला. मग ये."

"थंडी पडनार म्हंतो हा. सगळं बर्फाखाली जानार."

"म्हनून तर. रोज बघावं लागंल. त्याला काय कळतंय त्यातलं?"

आईने पदराने नाक पुसलं. "तुम्ही जेवलाव का?" एवढं विचारून तिने फोन ठेवला.

बाबा उठून बाहेर पडवीत जाऊन बसले. मी विचारलं, "तुम्हाला तर ती यायला हवी होती ना?" ते म्हणाले, "हवी हाय की."

मी आत भात लावला. त्यांनी तिला धीर दिला, की कामाला लावलं? की स्वतःचंच नुकसान करून घेतलं? आणि ते गवत जगायला हवं, असं मला तरी इतकं का वाटायला लागलं… जे गवत आमच्या शेतात दिसलं असतं तर आईनेच पहिलं उपटून बांधावर फेकलं असतं.

जेवताना बाबा एकदाच बोलले. "वल सुकू दिली नाय म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीनचा मेसेज आला होता. तिकीट बघत नाहीये. बाबांना विचार, पाणी किती दिवस उभं ठेवायचं. आई त्याच्याच घरात होती, तरी विचारणा इकडे. बाबा शेतावर निघून गेले होते. मी शेतावर जाऊन त्यांना विचारलं, उत्तर पाठवलं आणि पेणची एसटी धरली.