वर्गाबाहेर बसणाऱ्या बाई

परभणीतल्या एका शाळेत मी कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी पांढऱ्या साडीतल्या एक वयस्कर बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. दूरच्या डोंगराळ मुलखातल्या दंगलीत मुलीचं घर जळालं होतं. आमच्या गावातल्या छोट्या चर्चनं त्या कुटुंबाला आसरा दिला होता. कुणी खोली दिली, कुणी मुलीच्या आईला शिवणकाम मिळवून दिलं. शाळेचं काम या निवृत्त नर्सबाईंनी अंगावर घेतलं होतं.

मी जुन्या शाळेचा दाखला मागितला.

"घरासंगं जळाला, सर."

"पाहुणे किती दिवस आहेत?"

"पाहुणे म्हनू नका. पाहुण्याला कवा जानार म्हनून इचारतेत. यांना आमच्या मंडळीत कुनी तसं इचारनार न्हाई."

मी ओशाळून फॉर्म पुढे केला. मुख्याध्यापकांनीही प्रवेश दिला.

मुलीला मराठीचा एक शब्द येत नव्हता. म्हणून बाई रोज वर्गाबाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. मुलगी घाबरून दारातून डोकावली, की नुसता हात वर करायच्या.

दोनेक महिन्यांनी मुलगी मैत्रिणीचा हात धरून बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, तुमी घरी जा. मी येते."

बाईंनी पदरानं डोळे टिपले. "जाते गं माय," म्हणत त्या हसत उठल्या. पुन्हा कधी बसायला आल्या नाहीत. मीच कितीतरी दिवस शाळा भरली की खिडकीतून त्या बाकाकडं बघायचो.