धोंडाबाईची दुर्पदा

लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या धोंडाबाईचं तोंड सकाळी चुलीबरोबर सुरू व्हायचं ते दिवा मालवेपर्यंत. ती म्हशीशी बोलायची, भांड्यांशी बोलायची, भातलावणीत पाय रुतला तर चिखलालाही चार शब्द सुनवायची. माहेर वेहेरगावचं. पाच भावांत एकटी बहीण, त्यामुळे आपलं कोणी ऐकत नाही असं तिला कधी वाटलंच नव्हतं. लग्न होऊन औंढ्याला आली तेव्हा वाटलं. नवरा रखमाजी स्वभावानं सोन्यासारखा, पण 'व्हय' आणि 'न्हाई' या दोन शब्दांवर दिवस काढणारा. भाताची दोन खाचरं आणि तीन म्हशी यांवर घर चाले. सकाळी सायकलला कॅन अडकवून तो लोणावळ्याच्या बंगल्यांवर दूध घालून यायचा. तिकडे काय झालं, कोण भेटलं, हे त्याच्याकडून काढून घेताना धोंडाबाई रडकुंडीला यायची.

लेक तळेगावकडे दिली. मुलगा अंबाजी देहूरोडच्या डेपोत कामाला लागला आणि बायकोला घेऊन तिकडेच राहिला. मागची खोली रिकामी पडली, आणि घरात बोलायला म्हशींखेरीज कोणी उरलं नाही.

सहासष्ट साली पाऊस ओसरता ओसरता सरपंच भिमाजीआबा दारात येऊन बसले. लोणावळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला कॅनडा देशातून एक तरुण बाई येणार होती. पगार न घेता दोन वर्षं शिकवणार. तिला पाठवणाऱ्यांचं एकच म्हणणं होतं की ती बंगल्यात नाही, गावातल्या एखाद्या घरात राहील, त्या घरासारखी. आबा सकाळपासून फिरत होते आणि प्रत्येक दारातून नकार घेऊन आले होते.

"ती खाईल काय, निजंल कशी, लोक काय म्हणतील, ह्येच ऐकतोय," आबा म्हणाले.

"बोलती का?" धोंडाबाईनं विचारलं.

"आँ?"

"म्हंजे घुमी न्हाई ना?"

"मास्तरीण हाय. बोलतच असंल की."

"मग धाडा आमच्याकडं. खायाचं म्हणाल, तर आमी खातो त्ये खाईल."

रखमाजीकडे दोघांनी पाहिलं. तो म्हणाला, "व्हय." आणि दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता त्यानं परसात कुडाचा उंच आडोसा उभारला, न्हाणीला दार बसवलं.

बाई आली ती उंच, लालसर केसांची, खांद्याला पिशवी लावलेली. नाव डोरोथी. धोंडाबाईनं ते नाव तोंडात दोन-तीनदा घोळवून पाहिलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू आपली दुर्पदा." पोरगी हसली. त्या दिवसापासून सगळ्या गावाची ती दुर्पदाबाई झाली.

मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता, पण याचं धोंडाबाईला काहीच वाटलं नाही. ऐकणारं माणूस मिळालं होतं! ती बोलत राहिली. ह्यो तवा, ही काटवट, ही वैरण, ह्ये रेडकू, आन ह्यो बसलाय त्यो माझा नवरा. दुर्पदा मान हलवायची, पुन्हा पुन्हा म्हणून पाहायची. पहिल्यांदा नाचणीच्या भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन ती बराच वेळ चघळत राहिली. पुढच्या पावसाळ्यात खेकड्यांचा रस्सा मागून मागून खायची. पण पहिल्याच दिवाळीपर्यंत तिला मोडकंतोडकं बोलता येऊ लागलं, आणि संक्रांतीला ती शेजारणीशी वाद घालत होती.

घोटाळा झाला तो शाळेत. वरच्या ऑफिसातून एक साहेब शाळा बघायला आले होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "बाई, जेवण झालं का?"

"व्हय," दुर्पदा प्रसन्नपणे म्हणाली, "लय हादडलं."

वर्गात एकच हशा पिकला. त्यातच हेडमास्तर फळ्यासमोर उभे होते, त्यांना ती म्हणाली, "वाईच सरा की मागं." धोंडाबाई रोज म्हशीला म्हणायची तेच.

हेडमास्तर श्रीपतराव भला माणूस. पण साहेबांसमोर त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या सकाळी दूध घालायला आलेल्या रखमाजीला त्यांनी ओट्यावर बसवलं. "रखमाजी, वाईट वाटून घेऊ नका. बाईंना शुद्ध मराठी यायला हवी. आमच्या ओळखीत एक घर आहे, तिथे खोली मिळेल. बघा, बोलून ठेवा."

रखमाजीनं घरी येऊन एवढं सगळं सांगितलं. लग्नानंतर इतकं लांबलचक तो पहिल्यांदाच बोलला असेल, आणि ते असं काहीतरी. धोंडाबाई परातीतलं पीठ मळायची थांबली.

"माझ्यापायी तिला हसले?"

"व्हय."

त्या दिवसापासून धोंडाबाई गप्प झाली. आपण बोललो की पोरीची भाषा बिघडते, तर बोलायचंच नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. दुर्पदानं काही विचारलं की मान हलवायची, ताट पुढे सरकवायची. भांडी मुकाट्यानं घासली जाऊ लागली. शेजारीण डोकावून विचारून गेली, बरं न्हाई का? दुर्पदा कावरीबावरी झाली. आपल्या हातून काय चुकलं, हे तिला कळेना. रखमाजीला विचारलं, तर तो उठून म्हशींना वैरण टाकायला गेला.

आठवडा तसाच गेला. मग रविवारी सकाळी रखमाजी दुधाला गेलेला असताना कपिली म्हैस व्यायला बसली. बसली ती अडली. रेडकाचे पुढचे खूर दिसत होते, पण पुढे काही सरकेना. म्हशीचे डोळे पांढरे झाले. धोंडाबाईनं पदर खोचला, खूर धरले, ओढू लागली, एकटीच्यानं होईना. तेवढ्यात दुर्पदा बाह्या सारून शेजारी गुडघ्यावर बसली. तिच्या बापाच्या गोठ्यात गाई होत्या. हे काम तिनं लहानपणी पाहिलं होतं.

"धर! आगं वर न्हाई, खाली वड!" धोंडाबाई ओरडली. "कळ आली की वड... थांब... आता! आता वड, दुर्पदे, सोडू नगंस!"

रेडकू धपकन बाहेर आलं आणि दोघी शेणात मागे पडल्या. रेडकानं फुर्रर्र केलं. धोंडाबाई त्याचं नाक पुसत, म्हशीला, देवीला, पोरीला, सगळ्यांना एकदमच काय काय बोलत सुटली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं आणि तिनं हातानं तोंड झाकलं. हात शेणाचा.

दुर्पदाला हसू आवरेना. मग ती थांबून म्हणाली, "मावशी, तुमी माज्यावर रागावलाव?"

"न्हाई गं बाय." आणि धोंडाबाईनं सगळं सांगून टाकलं.

"मला न्हाई जायाचं कुटं," दुर्पदा म्हणाली. "वर्गात वाडीवरची पोरं कुणाशी बोलत न्हाईत. मी त्यांच्यावाणी बोलते, म्हून माज्याशी बोलत्यात."

धोंडाबाई दुसऱ्या दिवशी स्वतःच रखमाजीच्या मागे चालत लोणावळ्याला गेली. हेडमास्तरांच्या ओट्यावर बसली. त्यांच्या पत्नी नंदाबाई पाणी घेऊन आल्या.

"गुरुजी," धोंडाबाई म्हणाली, "बाईमाणसाला दोन लुगडी असत्यात. एक घरातलं, एक भाईर जायाचं. माझं बोलणं तिला घरात ऱ्हाऊ द्या. भाईरचं तुमी शिकवा. पोरगी हुशार हाय, दोनी नेसंल."

श्रीपतराव काही बोलायच्या आत नंदाबाईच म्हणाल्या, "मी शिकवते. शाळा सुटल्यावर इथे येत जाऊ दे."

हेडमास्तर हसले. "बरं बाई. पण मला पुन्हा मागं सरायला सांगू नका म्हणावं."

तसंच झालं. शाळेत आणि नंदाबाईंकडे दुर्पदा पुण्यासारखी मराठी बोलू लागली. घरी आल्यावर मुद्दाम म्हणायची, "मावशी, मला थोडे पाणी मिळेल का?" आणि धोंडाबाई पोट धरून हसायची. नंदाबाई करवंदांच्या दिवसांत औंढ्याला येऊ लागल्या, आणि त्या दोघींचंही चांगलं जमलं.

दोन वर्षं संपत आली तेव्हा दुर्पदाची आई तिला न्यायला आली. जाड, गोरीपान, वयानं धोंडाबाईएवढीच. पहिल्या संध्याकाळी दुर्पदा मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. मग कंटाळून ती मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली. परत आली तर दोघी गोठ्यात म्हशीपाशी बसलेल्या. एक मराठीत सांगतेय, दुसरी इंग्रजीत, आणि दोघी एकमेकींना दाद देतायत. कासंडीत दूध काढत होती ती पाहुणीच.

निघताना धोंडाबाईनं दोघींना हळदीकुंकू लावलं. लेक सासरी धाडताना रडली होती तशीच मोकळेपणानं रडली, मग डोळे पुसून आंबेमोहोराची पिशवी पाहुणीच्या हातात दिली आणि भात कसा शिजवायचा हे तिला दोनदा समजावलं.

पुढच्या जूनमध्ये भिमाजीआबा पुन्हा दारात येऊन बसले. या खेपेला डेन्मार्कचा एक मुलगा होता, गणित शिकवणारा. यावेळी गावातली चार घरं त्याला ठेवून घ्यायला तयार होती, हेही आबांनी सांगितलं. धोंडाबाई उठून मागच्या खोलीची बाज बाहेर काढायला लागली. बाज जड होती. रखमाजीनं दुसरं टोक धरलं आणि विचारलं,

"उंच हाय का त्यो? आडोसा वाढवावा लागंल."