उरलेली पत्रकं

वैशूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या घरी मुलींच्या हक्कांवरचं भाषण लिहीत होते. "कावीळ अंगावर काढली गं तिने," मावशी म्हणाली. समोरच्या कागदावर एक वाक्य अर्धं राहिलं होतं. सहा आठवडे झाले, ते अर्धंच आहे. तिच्याबद्दल चांगलं लिहिणं सोपं आहे. मी तिच्याशी कशी वागले, ते लिहायला हवं.

वैशाली माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी तिला मूल झालं. शाळा सुटली. मधले महिने तिला अंबरनाथला, शिवमंदिराजवळ राहणाऱ्या आत्याकडे ठेवलं होतं. विठ्ठलवाडीच्या चाळीत परतली तेव्हा बाळ मावशीच्या मांडीवर होतं. मावशीला उशिरा मुलगी झाली, असं सांगितलं गेलं. चाळीला सगळं ठाऊक होतं, आणि बारा वर्षं चाळीने ते पोटात ठेवलं. पूर्वा आजीला आई म्हणायची आणि आईला ताई. वैशूताई जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायची. पालकसभेला मावशी आत जायची, ही बाहेर चपलांपाशी उभी राहायची. स्थळं आली की नाही म्हणायची आणि कारण सांगायची नाही. शेजारच्या मशीनवरची बाई चिडवायची, "तुला काय हिरो पाहिजे काय गं?" ही हसून सुईत दोरा ओवायची.

एकदा मला म्हणाली की तिने सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून दहावीला बसायचा. पास झाली की पूर्वाला सगळं तीच सांगणार होती. मी म्हटलं, आजच सांग की.

"नापास आई कशाला हवी तिला?"

मी पत्रकांवर वाढले. बाबांच्या संघटनेचे गठ्ठे हीच माझी पहिली पुस्तकं. अन्याय दिसला की छापायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. ज्याच्यावर झालाय त्याला आधी विचारायचं, हे मात्र मी शिकले नाही. त्या वर्षी मी एक पत्रक लिहिलं. कोवळ्या वयात आई झालेल्या मुलीला समाज कसा कायमचा चपलांपाशी उभा करतो, यावर. नाव टाकलं नाही. पण चाळ, कारखाना, आत्याकडचे महिने आणि ताई म्हणणारी मुलगी, सगळं तसंच ठेवलं. त्याशिवाय धार येत नव्हती. उल्हासनगरच्या शाळांबाहेर मी स्वतः ते वाटलं. मधल्या सुट्टीत पूर्वाच्या मैत्रिणीने ते मोठ्याने वाचलं.

चौथ्या दिवशी वैशूताई माझ्याकडे आली. ती काही बोलायच्या आत मी बाजू मांडायला लागले... नाव कुठे आहे, लाज तिने नाही, समाजाने बाळगायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं लिहिलंयस. मला रडू आलं वाचून. फक्त मला आधी सांगायचंस गं. मी एक दिवस तरी आधी तिला सांगितलं असतं."

मग उरलेली पत्रकं मागितली. कॉटखालचा गठ्ठा ओढून पिशवीत भरला आणि गेली. जाळून टाकेल, असं मला वाटलं. मी माफी मागितली नाही. माझं बरोबर होतं ना!

त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. नंतर दोनदा बसली. बाकीचे विषय सुटले, गणित राहिलं. पूर्वाने तिला हाक मारणंच सोडलं होतं. ताई नाही, आई नाही, नुसतं "ऐक ना".

तेराव्यानंतर पूर्वाने माळ्यावरून एक पिशवी काढली. "तुझी आहेत ना ही?" पत्रकं एकाच बाजूने छापलेली होती. कोऱ्या बाजूवर वैशूताईने पेन्सिलीने गणितं सोडवली होती, पानामागून पानं. मध्येमध्ये पूर्वाचं लाल पेन. एका पानावर तिने लिहिलं होतं, "आई, कंस सोडवताना चिन्ह बदलायचं. परत कर." खाली तेच गणित पुन्हा केलेलं, या वेळी बरोबर.

"तोंडाने नाही जमलं मला," पूर्वा म्हणाली. "पास झाली की म्हणणार होते."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माझी काय मागतेस?"

ते एक पान तिने ठेवून घेतलं. बाकीचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे, गणितं वर करून ठेवलेला. छापलेला मजकूर वाचायला मी अजून एकही पान उलटलेलं नाही.