जेवनं झाली काय जी

"याला रंगवायची गरज नाही," वकीलसाहेब म्हणाले. "आहे तसाच उभा करा."

ड्रॉइंगच्या खोलीत हशा पिकला. मुलं हसली, मराठीचे मास्तर हसले. हेडमास्तरांनी नुसती मान डोलावली. मीही हसलो, कारण सगळे हसत असताना आपण गप्प राहणं म्हणजे माज, हे मला फार लहानपणी शिकवलं गेलं होतं. त्या हसण्याची चीड मला आजही आहे. त्यांच्या नाही, माझ्या.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी वाशिमला हायस्कुलात होतो, बोर्डिंगात राहत होतो. गाव आमचं अनसिंगच्या अलीकडं. अस्पृश्यता कायद्यानं गेलेली होती. शाळेत बाक एक झाले होते. माठ मात्र झाला नव्हता. शिपाई वरून ओतायचा आणि मी खाली ओंजळ धरायचो. शिपाई वाईट नव्हता, पुरेसं ओतायचा. पण ओतायचा वरूनच.

त्या वर्षी हेडमास्तरांच्या मनात काय आलं कोण जाणे. स्नेहसंमेलनात पौराणिक नको, ऐतिहासिक नको, मुलांनी स्वतः लिहिलेलं रहस्यनाटक करायचं असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक वर्गानं फक्त पहिला प्रवेश करून दाखवायचा. ज्याची सुरुवात पकडून ठेवील, त्याच वर्गाचं नाटक पुरं बसवायचं. परीक्षक म्हणून शाळेच्या कमिटीवरचे एक वकील आले. त्यांना नाटकाचा भारी षोक. मुंबई-पुण्याची नाटकं पाहिलेली. हातात कायम अडकित्ता. बसल्या बसल्या त्यांनी आपली पारख सांगून टाकली. पडदा उघडल्यावर माझी सुपारी कातरणं थांबलं तर प्रवेश चांगला, नाही थांबलं तर तुम्ही घरी जा.

एका वर्गानं सुरुवातीलाच टिकल्यांचं पिस्तूल उडवलं. अडकित्ता चालू राहिला. वकील म्हणाले, आधीच बार काढलात, आता पुढं काय दाखवणार? दुसऱ्या वर्गानं पांढऱ्या चादरीतलं भूत आणलं. चादरीवर धोब्याची खूण दिसत होती. वकिलांनी सुपारी कातरून तोंडातही टाकली.

मग आमचा प्रवेश. तो मी लिहिला होता.

पाटलाचं घर. दिवेलागणीची वेळ. पानं वाढलेली. थोरला मुलगा रिसोडच्या बाजाराला गेलेला आहे. मुलगी आसेगावला सासरी आहे, तिचे दिवस भरलेत. घरात पाटील, पाटलीण आणि धाकटा मुलगा. पाटलीण भाकरी वाढते आणि बाहेर घुंगरांची काठी वाजते. सगळे थांबतात. अंगणातून आवाज येतो.

"जेवनं झाली काय जी?"

एवढंच. आमच्याकडं ज्याला कळतं त्याला कळतं. एखाद्या घरी मयत झाली की पाव्हण्यांच्या गावोगाव सांगावा न्यायचं काम महाराचं. तो ओसरीवर चढत नाही. अंगणात उभा राहतो आणि पहिल्यांदा विचारतो, जेवणं झाली का. कारण बातमी कळली की सुतक, मग घरातल्याच्या तोंडात घास जात नाही. झाली म्हटलं तर सांगतो. नाही म्हटलं तर म्हणतो, आधी जेवून घ्या. आणि ते ऐकून कोणाला जेवण जातं? कोण गेलं ते फक्त त्यालाच माहीत असतं. घरातले ताटावर बसून एकेकाचं नाव मनात घेत राहतात.

माझ्या प्रवेशात पाटील आणि पाटलीण एकमेकांकडं बघतात. धाकटा मुलगा मात्र दाराकडं बघतच नाही. तो भराभर जेवायला लागतो. तिथं पडदा.

त्या दिवशी सांगावेकरी एका मुलानं दाराआडून केला होता. मी भिंतीला टेकून उभा होतो. वकिलांचा अडकित्ता उघडा तो उघडाच राहिला होता. मला तो दिसत होता. इतका आनंद मला पास झाल्यावरसुद्धा झाला नव्हता.

"कोणी लिहिलं हे?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी मला पुढं ढकललं. वकिलांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोणाचा रे तू, म्हणून विचारलं. मी गाव सांगितलं. बाप काय करतो? कामदार महार आहे, गावकाम करतो, सांगावे नेतो.

"तरीच," ते म्हणाले आणि अडकित्ता मिटला. "मग यात लेखन कुठं आहे? बापाचं काम कागदावर उतरवलं. कोर्टात मी रोज जबान्या ऐकतो, त्याला कोणी वाङ्मय म्हणत नाही."

पुढं निकाल. नाटक आमच्याच वर्गाचं बसवायचं. पण भाषा मनोहरनं सुधारायची. मनोहर म्हणजे कमिटीतल्या एका बड्या जमीनदाराचा मुलगा, तोच पाटील करत होता. लेखक म्हणून नावही त्याचंच घोषित करायचं, म्हणजे पालकांना बरं वाटेल. सांगावेकरी मी करायचा. त्यावर ते रंगवायची गरज नाही हे वाक्य आलं. आणि सगळे हसून झाल्यावर आणखी एक सूचना आली. याला रंगमंचावर चढवू नका. खाली, पटांगणातच उभा करा. अंगणातला माणूस अंगणातच हवा, म्हणजे खरं वाटतं.

खरं वाटावं म्हणून. कलेसाठी. मला नीट रागही धरता येईना, इतकी ती सूचना शहाणी होती.

शनिवारी घरी गेलो. बा ओट्यावर बसून वहाण शिवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. नाटक माझं, ते निवडलं गेलं, वकिलाचा हात कसा थांबला. नाव मनोहरचं लागणार हे मी गाळलं. बानं शांतपणे ऐकलं. त्याच्याच कामाचं नाटक झालं म्हणून तो हसेल असं मला वाटलं होतं.

"त्या नाटकातला थो मानूस कुठी उभा राह्यते?" त्यानं विचारलं.

"अंगनात."

"आन थो कोन होऊन राह्यला?"

"मीच."

बानं वहाण बाजूला ठेवली. "मले गावानं बाहीर उभं केलं. माह्या बापालेबी गावानंच केलं. तुले कोनं केलं? थे तं तूच लेहलं ना?"

लिहिताना पाटलाच्या घरात काय काय आहे ते मी ठरवलं होतं. बाज कुठं, देवळी कुठं, तांब्या कुठं. कोण मरणार तेही माझ्याच हातात होतं. पण सांगावेकऱ्याला दारातून आत आणावं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वकिलानं मला खाली उभं करण्याआधी मीच त्याला खाली उभा करून ठेवला होता.

मग बानं जे सांगितलं ते त्यानं पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. उन्हातान्हात चालत जायचं, कुत्री अंगावर घ्यायची, आणि त्या घरावर आभाळ पाडायचं. घर रडायला लागतं. आपण उभेच. त्यांचं दुःख खोटं नसतं, म्हणून पाणीसुद्धा मागवत नाही. मग तसंच परत फिरायचं आणि नाल्याला वाकून प्यायचं. हे सांगताना त्याचा आवाज रागाचा नव्हता. त्या वर्षी महारवाड्यात रोज बैठका होत होत्या. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावे न्यायचे नाहीत. काही जणांनी काम सोडलं होतं. बाचं अजून ठरत नव्हतं. माझं त्या ओट्यावर ठरलं.

संमेलनाचा दिवस. पटांगणात मांडव, मेजं जोडून केलेला रंगमंच, चढायला बाकडं. पुढं खुर्च्यांवर कमिटी आणि वकीलसाहेब. मागं सतरंज्यांवर बाया, आणि कुंपणापाशी खेड्यापाड्यातून आलेली माणसं. बा नव्हता. कोणाचा तरी सांगावा घेऊन तो मंगरूळकडं गेला होता.

मास्तरांनी जाहीर केलं, लेखक मनोहर. टाळ्या झाल्या. पडदा उघडला. मी खाली, मातीत, काठी घेऊन उभा. अंगात माझाच सदरा. काठी वाजवली आणि विचारलं, "जेवनं झाली काय जी?"

मागच्या बायांनी पदर तोंडाला लावले. त्यांना शिकवायची गरज नव्हती. वर मनोहरनं विचारलं, "कोण गेलं? सांग लवकर." मी म्हणायचं होतं, आधी जेवून घ्या जी.

मी बाकड्यावर पाय ठेवला आणि वर चढलो. ओसरी ओलांडली. पाटलाच्या बाजेवर जाऊन बसलो.

"सांगतो, पाटील," मी म्हणालो. "पयले पानी द्या. लय दुरून चालत आलो."

तांब्या मनोहरच्या पायाशीच होता. आत खरं पाणी होतं, कारण प्रवेशात हात धुवायचे होते. मनोहरनं तांब्याकडं पाहिलं, मग समोर खुर्चीवर बसलेल्या बापाकडं. मुलगा दुष्ट नव्हता. मराठीच्या तासाला तो माझ्याच निबंधावरून निबंध लिहायचा. पण सगळ्या मांडवासमोर मला तांब्या देणं त्याच्या हातून होईना. धाकटा मुलगा झालेला पोरगा ठरल्याप्रमाणं भराभर जेवत होता, बिचाऱ्याला दुसरं काही सुचेना.

वकीलसाहेब उभे राहिले. "खाली उतर. हे नाटकात नाही."

"आता आहे, साहेब," मी म्हणालो.

कुंपणाकडून एका म्हातारीचा आवाज आला. "दे ना बाप्पा त्याले पानी. कोन मेलं थे तं समजू दे."

लोक हसले. या वेळी मी हसलो नाही. सगळा मांडव आता त्या तांब्याकडं बघत होता. त्यांना मयताचं नाव हवं होतं, ते माझ्या तोंडात होतं, आणि मध्ये फक्त एक तांब्याभर पाणी होतं. इतकी सोपी गोष्ट. मनोहर वाकला. त्याची बोटं तांब्याला लागली, एवढं मी पाहिलं. तेवढ्यात कोणीतरी दोरी ओढली आणि पडदा पडला. नाटक तिथंच संपलं. पुढं नकलांचा कार्यक्रम झाला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. उद्या प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी माग, नाहीतर बोर्डिंग आणि शाळा दोन्ही सोड. मी विचारलं, कशाची माफी? ते म्हणाले, लिहिलेलं मोडून तू नाटकाचा विचका केलास.

"नाटक माझं होतं, सर."

"नाटक मनोहरचं होतं. सगळ्या मांडवानं ऐकलं."

"मग विचका झाला तर माफी त्यालाच मागू द्या," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. आवाज एकदम मऊ झाला. तू हुशार आहेस, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे, मॅट्रिक होऊन जाशील, बापाचे दिवस पालटतील. ते मनापासून बोलत होते आणि त्याचाच मला जास्त राग आला. बापाचे दिवस पालटायचे तर मला आधी बापासारखं उभं राहायला सांगत होते. मी माफी मागणार नाही म्हटलं आणि बोर्डिंगात जाऊन वळकटी बांधली. रडलो. ते लपवत नाही. शाळा मला फार आवडायची.

स्टेशनकडं जाताना रस्त्यात एक टांगा थांबला. आत वकीलसाहेब. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खाली वाकून हळूच विचारलं.

"अरे, ते राहू दे. गेलं कोण होतं? थोरला की मुलगी? घरी कालपासून तोच वाद चालला आहे."

मी रस्त्यात उभा, ते टांग्यात बसलेले. मला बा आठवला, आणि त्याच्या आधीचे सगळे, ज्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

"घरी येऊन सांगू काय, साहेब?" मी विचारलं. "ओसरीवर नाही. आत बसून."

ते मागं रेलले आणि टांगेवाल्याला चल म्हणाले.

मॅट्रिक मी नंतर दुसऱ्या गावी झालो, उशिरा झालो. लिहीत राहिलो. काही छापलं, बरंच परत आलं. प्रसंग जिवंत आहे पण भाषा सुधारा, असं कळवणारे अजून भेटतात. त्यांना मी उत्तर देत नाही. त्या नाटकात कोण मेलं होतं हेही मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ज्याला ऐकायचं असेल त्यानं दार उघडावं, बसायला द्यावं, पाणी द्यावं. अंगणात उभा राहून मी आता कोणालाच काही सांगणार नाही.